टॉस आपल्याच हातात!

बालमित्रांनो, ‘टॉस’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दोन कप्तान, मध्ये पंच आणि हवेत गरगरणारं नाणं! छापा की काटा? बरोबर ना? पण आज मी तुम्हाला एका वेगळ्याच टॉसची गोष्ट सांगणार आहे. त्यासाठी आपल्याला पुण्यातल्या पुण्यातच एक छोटीशी सफर करायची आहे. डेक्कनवरून निघायचं आणि थेट बालेवाडी गाठायची. चला तर मग!

‘डेक्कनला जाऊन येतो’ असं पुण्यातला माणूस अगदी सहज म्हणतो. बसथांबा डेक्कनचा, आता तर मेट्रोचं स्टेशनसुद्धा डेक्कन जिमखान्याचं. पण हे नाव आलं कुठून? तर एका खेळाच्या क्लबावरून! १९०६ साली डेक्कन जिमखाना ही संस्था स्थापन झाली आणि पुढे सगळ्या भागालाच तिचं नाव पडलं. १९२० साली भारताचे खेळाडू बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिकसाठी गेले ना, त्यामागे या जिमखान्याची धडपड आणि दोराबजी टाटांची मदत होती. जवळच भांडारकर रस्त्यावर पी. वाय. सी. हिंदू जिमखाना आहे. पी. वाय. सी. म्हणजे ‘पूना यंग क्रिकेटर्स’. नाव क्रिकेटचं, पण टेनिसची कोर्टंही तिथे आहेत बरं का!

टेनिसशी पुण्याचं नातं तसं जुनंच. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या उपांत्य फेरीत भारताने सोव्हिएत संघाला हरवलं, ते पुण्यातच. विजय आणि आनंद हे अमृतराज बंधू त्या संघात होते. अंतिम सामना होता दक्षिण आफ्रिकेशी. पण त्या देशात तेव्हा काळ्या माणसांना माणूस म्हणून वागवलं जात नव्हतं. म्हणून भारताने तो सामना खेळायलाच नकार दिला. चषक हुकला, पण मान राखला! अलीकडचं उदाहरण हवंय? अहमदाबादची अंकिता रैना टेनिस शिकायला पुण्यात आली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचं कांस्यपदक मिळवलं.

आता आपल्या टॉसकडे वळू. माझी एक भाची आहे. आठवीत शिकते. डेक्कनच्याच बाजूला एका कोर्टावर रोज संध्याकाळी टेनिस खेळते. गेल्या हिवाळ्यात तिचा एक सामना बघायला मी गेले होते. पोरगी धावत होती छान, मारतही होती छान. पण सर्व्हिस करायची वेळ आली की चेंडू कधी जाळीत, तर कधी पार रेषेबाहेर. टेनिसमध्ये सर्व्हिसला दोन संधी असतात. दोन्ही चुकल्या की डबल फॉल्ट आणि समोरच्याला फुकटचा गुण. त्या दिवशी तिने असे चौदा गुण फुकट वाटले. बाकावर बसलेल्या एक बाई तर मोठ्याने मोजत होत्या, “अकरा... बारा...”

घरी येताना ती एक शब्द बोलली नाही. लकडी पुलावर आल्यावर म्हणाली, “मावशी, मला त्या मुलीनं हरवलंच नाही. मीच मला हरवलं. मी आता टेनिस सोडणार.”

काय बोलावं मला कळेना. दुसऱ्या दिवशी मीच तिच्या सरांना जाऊन भेटले. सर म्हणाले, “बाई, तिच्या रॅकेटच्या हाताला काही झालेलं नाही. दुखणं दुसऱ्या हातात आहे!”

दुसऱ्या हातात? मी तर चक्रावलेच. मग सरांनी समजावून सांगितलं. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू सर्व्हिस करताना डाव्या हाताने चेंडू वर उडवतो. यालाच म्हणतात टॉस. टेनिसमधला बाकीचा प्रत्येक चेंडू समोरचा खेळाडू आपल्याकडे पाठवतो. तो कसा येईल ते आपल्या हातात नसतं. सर्व्हिसचा चेंडू तेवढा आपण स्वतःच स्वतःला देतो. म्हणजे बघा, क्रिकेटचा टॉस नशिबाचा आणि टेनिसचा टॉस आपल्या हाताचा!

मग तो चुकतो कसा? चेंडू हातातून सुटला की वर जाऊन रॅकेटला लागेपर्यंत साधारण पाऊण सेकंद जातो. सुटताना हाताला जरासा बाक आला किंवा मनगटाने झटका दिला, तर वर जाईस्तोवर चेंडू हातभर बाजूला सरकतो. मग खेळाडू कधी मागे वाकतो, कधी बाजूला झुकतो आणि कसाबसा फटका मारतो. मध्यभागी जाळी ३ फूट उंच. तिच्यावरून पलीकडे समोरच्या तिरक्या चौकोनात चेंडू पाडायचा. हा चौकोन २१ फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद. वाकडंतिकडं होऊन तो साधेल कसा?

टॉससाठी हात कोपरात न वाकवता खांद्यापासून उचलायचा असतो. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला वर न्यावा तसा, अलगद. डोळ्यांच्या पातळीला आला की बोटं उघडायची, बस! माझी भाची नेमकी कोपर वाकवायची आणि मनगटाने चेंडू भिरकवायची. हजार वेळा सांगूनही हात ऐकेना. म्हणून सरांनी एक युक्ती काढली.

बाजारात यासाठी अंगावर घालायची साधनं मिळतात. एक असतो कोपरावर चढवायचा पट्टा. आत ताठ फळी, बाहेर वेल्क्रो. तो घातला की कोपर वाकतच नाही आणि हात आपोआप खांद्यापासून उठतो. काही साधनं मनगटाला धरून ठेवतात, म्हणजे झटका बसत नाही. भाचीचे बाबा लगेच म्हणाले, “कितीला मिळतो? मागवून टाकू!” सर हसले. म्हणाले, “आधी घरातली रद्दी काढा.”

प्रथमोपचारात मोडलेल्या हाताला आधार द्यायला वर्तमानपत्राची जाड घडी बांधतात, ते तुम्ही शाळेत शिकला असाल. तसंच केलं. कागदाची घडी दंडाच्या मध्यापासून मनगटाच्या अलीकडेपर्यंत गुंडाळली आणि वरून क्रेप बँडेज सैलसर बांधलं. झाला आमचा पट्टा तयार! खर्च फक्त बँडेजचा.

मग रोज वीस टॉस. नुसते टॉस हं, फटका मारायचा नाही! पुढच्या पायासमोर कोर्टाच्या आत रॅकेट आडवी ठेवायची आणि चेंडू खाली पडू द्यायचा. तो रॅकेटच्या जाळीवर पडला की एक गुण. पट्टा बांधायच्या आधी वीसपैकी पाच पडत होते. पट्टा बांधून चार दिवसांत चौदा पडायला लागले. पोरीच्या चेहऱ्यावर हसू आलं.

त्याच रविवारी मी तिला म्हटलं, “चल, तुला एक जागा दाखवते.” सरावावरून तशाच निघालो आणि डेक्कनला पीएमपीच्या बसमध्ये चढलो. गडबडीत पट्टा सोडायचा राहूनच गेला. झालं! शेजारच्या आजींनी विचारलंच, “पडलीस का गं? हात मोडला?”

“नाही हो आजी, टेनिस शिकतेय.”

“अगंबाई! हात बांधून?” सगळी बस हसली. भाचीही हसली. चौदा डबल फॉल्टनंतर ती पहिल्यांदाच अशी खळखळून हसली असेल.

विद्यापीठ चौक गेला, बाणेर मागे पडलं आणि आम्ही बालेवाडीला उतरलो. महामार्गाजवळचं हे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही इथेच झाल्या. २०१८ पासून २०२३ पर्यंत, मधलं २०२१ साल सोडून, इथे ‘महाराष्ट्र ओपन’ ही पुरुषांची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. आता ती इथे होत नाही. पण परवानगी विचारून आत गेलो आणि टेनिस स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलो, तर समोरचं रिकामं कोर्टसुद्धा बोलकं वाटलं.

मी तिला २०१९ च्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली. एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन, उंची २०३ सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूला क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, उंची २११ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सात फूट! तुमच्या घराच्या दारातून त्याला जपूनच आत यावं लागेल. वय तेव्हा ३९. दोघांचीही सर्व्हिस म्हणजे तोफगोळा. कोणीच कोणाला ऐकेना. तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले आणि शेवटी अँडरसन जिंकला.

भाची म्हणाली, “ते एवढे उंच! त्यांना काय कठीण?”

मी म्हटलं, “उंची देवाने दिली असेल. टॉस मात्र त्यांनाही स्वतःच फेकावा लागतो ना!”

मग तिला अरिना सबालेंकाबद्दल सांगितलं. बेलारूसची ही खेळाडू जगातल्या पहिल्या काही जणींपैकी. पण २०२२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात ॲडलेडला तिची सर्व्हिस पार बिघडली. एका सामन्यात १८ डबल फॉल्ट, पुढच्यात २१! सगळ्या जगासमोर! तिने काय केलं? शरीराच्या हालचालींचा अभ्यास असलेल्या तज्ज्ञाची मदत घेतली आणि सर्व्हिस पुन्हा पहिल्यापासून शिकली. २०२३ च्या जानेवारीत तीच सबालेंका ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

“एकवीस?” भाचीने डोळे मोठे केले. “मग माझे चौदा काहीच नाहीत!”

पंधरा दिवसांनी सरांनी पट्टा काढायला लावला. ती नको म्हणत होती. “काढला की परत बिघडेल सर!” आणि खरंच, पहिल्या दिवशी वीसपैकी नऊच पडले. ती रडवेली झाली. तेव्हा मला माझा पहिलीचा वर्ग आठवला. आमची चिमुरडी आधी चाररेघी वहीत लिहितात. मग दुरेघी येते, मग एकरेघी. वही बदलली की अक्षर काही दिवस डोलतं, मग सावरतं. मोठेपणी कोऱ्या कागदावरही ओळ सरळ येते, कारण रेघा तोवर हातात उतरलेल्या असतात. सायकलची आधाराची चाकं काढल्यावर तुम्हीही एकदा आपटलाच असाल की! पट्टा हातात रेघ आखून देतो. लिहायचं आपल्यालाच.

दहा-बारा दिवसांत पट्ट्याशिवाय वीसपैकी पंधरा पडू लागले.

सरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. टॉस वाकडा गेला तर तो मारलाच पाहिजे असं नाही. रॅकेट न फिरवता चेंडू झेलायचा किंवा खाली पडू द्यायचा आणि पुन्हा टॉस करायचा. नियमाने तो फॉल्ट होत नाही. रॅकेट फिरवली आणि चेंडू चुकला, तर मात्र फॉल्ट. भाचीला नियम माहीत होता, पण लोक हसतील म्हणून ती वाकडे टॉसही मारत सुटायची!

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा पुन्हा सामना झाला. मी बाकावर श्वास रोखून बसले होते. दुसऱ्याच गेममध्ये टॉस वाकडा गेला. तिने शांतपणे चेंडू झेलला, समोरच्या मुलीला “सॉरी” म्हणाली आणि पुन्हा उडवला. चेंडू सरळ वर गेला! त्या सामन्यात डबल फॉल्ट झाले चार. सामना? तो हरली ती. अगदी थोडक्यात. पण लकडी पुलावर या वेळी ती गप्प नव्हती. “मावशी, आज तिनं मला हरवलं हं! पुढच्या वेळी बघते तिला!”

मुलांनो, तुम्हीही हा खेळ करून बघा. रॅकेट नसेल तर जमिनीवर खडूने ताटलीएवढं वर्तुळ काढा आणि वीस टॉस मोजा. कागदाचा पट्टा आईबाबांच्या मदतीनेच बांधा. घट्ट बांधू नका. मुंग्या आल्या किंवा दुखलं तर लगेच सोडा. कोपर आधीच दुखत असेल तर पट्टा नको, डॉक्टरांना दाखवा.

आणि आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. साधनं विकत आणा, जरूर आणा. पण बाकावर बसून मुलांच्या चुका मोठ्याने मोजू नका. त्या त्यांनी आधीच मोजलेल्या असतात.

तुमचे वीसपैकी किती पडले, ते मला नक्की कळवा. कळवाल ना?