हलक्या सायकलीचा हिशेब

सायकलीचे सुटे भाग हा विषय शाळेच्या वार्षिक अंकास शोभेल काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परोपकार, उद्योग, वेळेचें महत्त्व हे आमच्या निबंधांचे ठरलेले विषय. त्यांत चाकाची रिम आणि सीटची नळी कोठून आली? परंतु गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हा विषय आपण होऊन आमच्या दाराशीं आला, आणि त्याच्या मागोमाग एका घरच्या खोंडाचें भवितव्यही आलें. तेव्हां त्याचा विचार करणें आम्हांस भाग पडलें.

आमच्या इयत्ता दहावींतील एका विद्यार्थ्यास सायकलीचा मोठा नाद आहे. त्याच्या मामानें नाशकांतून नऊ हजारांस घेऊन दिलेली एक जुनी गियरची सायकल त्याच्यापाशीं आहे. दर शनिवारीं शाळा सुटली कीं हा मुलगा वाघेरा घाटाकडे निघतो, आणि अंधार पडण्याच्या सुमारास, क्वचित् अंधार पडल्यावरही, घरीं परततो. नाशिक येथें झालेल्या एका शर्यतींत तो बराच मागें पडला. तेथें कोणीं तरी त्याच्या मनांत भरविलें कीं, दोष पायांचा नसून सायकलीच्या वजनाचा आहे. मग काय विचारतां! दुकानांतून भावाचा कागद आला. हलकीं चाकें, हलकें हँडल, कार्बनची नळी, मिळून वजन घटणार एक किलो आणि किंमत पडणार २१,४०० रुपये.

मुलाचे वडील भात व नागली पिकविणारे. घरांत एक खोंड, पुढल्या वर्षीं जुवाखालीं येणारें. ते शाळेंत आले, टोपी काढून बांकावर ठेवली, आणि थोड्या वेळानें म्हणाले, "गुरुजी, खोंड इकून ही चाकं घेतली, तं पोरगा फुडं जाईल का? तुम्ही सांगाल तसं करतों."

'तुम्ही सांगाल तसं' हे शब्द ऐकावयास गोड, पण त्यांचें ओझें एक किलोहून पुष्कळ अधिक असतें. 'हा छंद सोडून अभ्यास करा' असें सांगून त्यांस वाटेस लावणें सोपें होतें. तथापि मुलाचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नास उपदेश हें उत्तर नव्हे. आम्हीं त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली.

प्रथम गांवांतील एका किराणा दुकानदाराच्या धान्याच्या कांट्यावर सायकल चढविली. ती पंधरा किलो भरली. मुलगा भरला पन्नास किलो; पाणी, पंप व किरकोळ सामान तीन किलो. एकूण अडुसष्ट. चढावर माणसाचें बहुतेक बळ हें सारें ओझें वर उचलण्यांत खर्ची पडतें, आणि त्या ओझ्यांत सायकलीपेक्षां स्वाराचाच वांटा मोठा असतो ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीं. अडुसष्टांतून एक किलो गेला, म्हणजे सुमारें दीड टक्का उतरला. चढण चाळीस मिनिटांची धरली, तर तेवढ्याच दमानें चढणाऱ्याचे फार तर ३५ सेकंद वांचतील. २१,४०० रुपयांस पस्तिसानें भागलें असतां एका सेकंदाचा भाव सहाशें रुपयांवर जातो. हें गणित त्या मुलानेंच फळ्यावर केलें, आणि तें दोनदां तपासून पाहिलें.

सपाट रस्त्यावर तर एवढाही लाभ नाहीं. तेथें खरा वैरी वारा. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि वारा कोणाच्या सायकलीचें वजन विचारीत नाहीं. कोंपर वांकवून अंग खालीं घेतलें, तर मिळणारा फायदा महागड्या नळीहून मोठा असून तो फुकट आहे. चाकाच्या कडेचा एक किलो दोन किलोंसारखा मोजावा असेंही एक मत बाजारांत फिरतें. तें अर्धेंच खरें आहे. थांबलेलें चाक फिरवून वेग घेतांना तें लागू पडतें. परंतु एकसारख्या गतीनें घाट चढतांना रिमवरचा किलो आणि खिशांतला किलो यांत कांहीं भेद उरत नाहीं. विज्ञानाच्या तासास जे जागे असतात, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

या प्रश्नावर इंग्लंडांतील डॉ. जेरेमी ग्रोव्ह्ज या भूलतज्ज्ञानें एक मौजेचा प्रयोग केला होता. तो 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या २०१० सालच्या नाताळच्या सुमारास निघालेल्या अंकांत छापून आला. त्यांच्याजवळ दोन सायकली होत्या. एक पन्नास पौंडांस घेतलेली जुनी पोलादी, वजन १३.५ किलो, दुसरी हजार पौंडांची कार्बनची, वजन ९.५ किलो. घरून चेस्टरफील्डच्या रुग्णालयांत जाऊन परत येणें सुमारें त्रेचाळीस किलोमीटर. रोज सकाळीं नाणें उडवून कोणती सायकल घ्यावयाची तें ते ठरवीत. अशा छप्पन फेऱ्या झाल्यावर हिशेब मांडला, तों दोहोंचीही सरासरी वेळ एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास निघाली. चार किलो हलकी आणि वीसपट महाग सायकल या डॉक्टरांस कामावर एक मिनिटही लवकर पोंचवूं शकली नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यास हें पटलें नाहीं, आणि त्याबद्दल आम्हांस संतोषच वाटला. तो म्हणाला, "सर, एकाच माणसाचा प्रयोग, आणि तोही तिकडच्या रस्त्यावर. आमच्या घाटाचं काय?" शंका रास्त होती. मग वर्गानें आपला स्वतःचा प्रयोग योजला. एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो. दोन सारख्या बाटल्या, एक भरलेली व एक रिकामी. नाणें पडेल तशी त्यांतील एक जाड थैलींत घालून तिचें तोंड शिवावयाचें आणि ती सायकलीस बांधावयाची. आंत काय आहे तें स्वारास सांगावयाचें नाहीं, व त्यानेंही थैलीस हात लावावयाचा नाहीं. वर पोंचल्यावर त्यानें ओळखावें. पहिल्या दिवशीं त्यानें छातीठोकपणें 'भरलेली' म्हणून सांगितलें. थैली उसवली तों आंत रिकामी बाटली! पुढेंही त्याचा अंदाज जितका बरोबर तितकाच चूक येत राहिला. वेळांचेंही तसेंच. एखाद्या दिवशीं पाण्यासह लवकर, एखाद्या दिवशीं पाण्यावांचून उशिरा. आदल्या रात्रीची झोंप, समोरचा वारा आणि वाटेंत भेटलेला गुरांचा कळप यांपुढें त्या एका किलोचा मागमूस लागेना.

येथें मुलाच्या वडिलांनीं एक दाखला दिला, तो सांगण्याजोगा आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटर धावण्यांत कांस्यपदक मिळविलें आणि त्याच वर्षीं ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेंत रौप्य. ती लहानपणीं अनवाणी धावत असे, हें आमच्याकडे पोरांसोरांस ठाऊक आहे. "तिला कुठं होती महागाची साधनं?" असें ते म्हणाले. या युक्तिवादास आम्ही मान डोलावूं शकलों नाहीं. अनवाणी धावणें ही तिची अडचण होती, तिचा गुण नव्हे. आणि पुढें ती दिल्लीस कांहीं अनवाणी धावली नाहीं. गरिबांच्या लेंकरांस साधनें लागत नाहींत असें म्हणणें बोलणाऱ्यास सोयीचें असतें, पण तें खरें नसतें. प्रश्न साधन हवें कीं नको हा नसून कोणतें हवें हा आहे.

त्या दृष्टीनें सायकल पुन्हां तपासली. मागच्या फ्रीव्हीलचें सर्वांत मोठें चक्र फार लहान होतें. त्यामुळें उभ्या चढावर मुलगा पेडलवर उभा राहून दम गमावीत असे. त्याहून मोठीं चक्रें असलेलें फ्रीव्हील बसविलें. तें जुन्याहून वजनानें जड आहे, हें लक्षांत घ्यावें! सायकल जड झाली आणि घाट सोपा झाला. फ्रान्सच्या प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यतीचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांच्या कडक नियमांमुळें गियर बदलण्याच्या यंत्रास त्या शर्यतींत १९३७ सालापर्यंत मज्जाव होता, आणि बिचारे स्वार चढ आला कीं खालीं उतरून मागचें चाक उलटें फिरवून लावीत. शहाण्यासुरत्या माणसांसही साधें साधन पटावयास कधीं कधीं पुष्कळ वर्षें लागतात. असो. याशिवाय टायर बदलले, छर्रे काढून पुसून नवें ग्रीस भरलें, चेन घासली.

एका गोष्टीवर मात्र अधिक पैसा खर्चावा असें आम्हीं आग्रहानें सांगितलें. ती म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमा. त्या लोखंडी रिमांपेक्षां हलक्या असतात हें खरें, पण आमचें कारण तें नव्हे. चकचकीत मुलामा दिलेली लोखंडी रिम भिजली कीं ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरतात. ॲल्युमिनियमवर ते ओल्यांतही पुष्कळ बरे धरतात. आमच्या भागांतला पाऊस ज्यानें पाहिला आहे आणि त्या पावसांत घाट उतरला आहे, त्यास याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं. या मुलाच्या सायकलीस तशा रिमा पूर्वींच होत्या, म्हणून तो खर्च टळला. कार्बनविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. पोलाद वांकलें तर गांवचा मिस्त्री ठोकून सरळ करतो. कार्बनची चीर कित्येकदां आंतच राहते, आणि ती ऐन उतारावर प्रकट व्हावी हें कोणत्याही बापास परवडणारें नाहीं.

हलकेपणास मोलच नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. १९७२ सालीं मेक्सिको शहरांत एडी मर्क्स यानें एका तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, तेव्हां त्याची सायकल सहा किलोंच्याही आंत होती. वजन घटविण्यासाठीं चेनच्या कड्यांससुद्धां भोंकें पाडलीं होतीं. ही हांव वाढत गेल्यानें अखेर आंतरराष्ट्रीय संघटनेस २००० सालापासून ६.८ किलोंची किमान मर्यादा घालावी लागली. २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं आळीपाळीनें सायकल चालवून सुमारें ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. अशा अफाट मजलींत थोड्या थोड्या लाभाचीही रास होते. ज्यांचें शरीर तयार आहे, इतर सर्व सुधारणा झालेल्या आहेत आणि ज्यांच्या गोठ्यांतलें कांहीं विकावें लागत नाहीं, त्यांनीं खुशाल सेकंद विकत घ्यावे.

खोंड घरींच राहिलें. सारा खर्च दोन हजारांच्या आंत भागला. शर्यत हिवाळ्यांत आहे. तिचा निकाल या लेखास ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

परंतु या कांट्याच्या कामांत आमचें लक्ष भलत्याच ठिकाणीं वेधलें. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकलीसाठीं अनुदान मिळतें. २०२२ सालीं तें ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यांत आलें. एवढ्या पैशांत येणारी सायकल लोखंडी, अठरा-वीस किलोंची. आठवींतील एक मुलगी आपली सायकल घेऊन कांट्याशीं उभी राहिली. सायकल वीस किलो, मुलगी पस्तीस. पावसाळ्यांत पाड्याजवळचा ओढा भरला कीं ती ही सायकल उचलून पलीकडे नेते. म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून अधिक वजन! एक किलोचें खरें मोल येथें आहे, आणि हलके भाग विकणाऱ्यांच्या जाहिरातींत अशा मुलीचें चित्र आम्हीं अद्याप पाहिलेलें नाहीं.

"सर, माझ्या सायकलीचं काय काढायचं?" तिनें विचारलें. आम्ही पाहूं लागलों. चेनचें झांकण काढावें तर ओढणी अडकण्याची भीति. कॅरिअरवर धाकटा भाऊ बसतो. मडगार्डावांचून चिखलांत गणवेशाची दशा होईल. काढण्याजोगें कांहीं दिसेना. इतक्यांत दहावीच्या त्या मुलानें तिचें दप्तर उचलून कांट्यावर ठेवलें. सहा किलो! दप्तर विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावें असें राष्ट्रीय दप्तर धोरण २०२० सालीं सांगून चुकलें आहे. तिच्या वांट्यास साडेतीन किलो येतात. नकाशासंग्रह, दोन जाड वह्या व चित्रकलेचें साहित्य बाहेर काढतांच अडीच किलो उतरले, आणि दमडीही पडली नाहीं. आठवीच्या वर्गांतील एक जुनें कपाट आतां त्यासाठीं मोकळें केलें आहे. त्याची किल्ली शिक्षकांच्या खोलींत खिळ्यास टांगलेली असते. ज्यांस आपलें सामान ठेवावयाचें असेल त्यांनीं ती मधल्या सुट्टींत मागून घ्यावी.