थंडी मोजणाऱ्या कुंड्या

दिवाळीच्या पणत्या आवरून होतात आणि आमच्या पुण्यातल्या दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन राहायला येतं. पावसाळाभर ते कठड्याशीच रेंगाळतं. सूर्य दक्षिणेला कलला की दुपारी थेट दाराच्या उंबऱ्यापर्यंत येतं. तोवर तेरडा वाळलेला असतो. तो उपटायचा, माती उकरून तिच्यात शेणखत आणि मूठभर वाळू मिसळायची आणि लसणाचा गड्डा फोडायला बसायचं. सासूबाई चातुर्मास पाळतात, त्यामुळे लसूण आमच्या स्वयंपाकघरात आणि कुंडीत साधारण एकाच सुमारास परततो. जाताना त्याला कांदेनवमीचा निरोप मिळतो, भजी तळली जातात. परत येतो तेव्हा मात्र कुणी दखल घेत नाही.

कुड्या सोलायच्या नाहीत. कडेच्या जाड कुड्या मातीला, मधल्या चिरट्या चटणीला. बूड खाली, टोक वर, आणि वर बोटभर माती. "लावायचा आणि विसरून जायचं," असं सासूबाई म्हणतात. मला ते जमत नाही. माती भुसभुशीत असली तर मुळं खाली रेटा देतात आणि कुडीच वर उचलली जाते. तिला परत दाबून बसवावी, तर सकाळी साळुंक्या येऊन उपसून ठेवतात. त्यांना लसूण खायचा नसतो, नुसती चौकशी असते.

लागवडीच्या लसणाला बी धरत नाही, हे मला कळलं तेव्हापासून त्या कुडीकडे मी जरा अदबीनं बघते. हजारो वर्षं माणसं कुडीपासूनच कुडी वाढवत आली आहेत. म्हणजे माझ्या कुंडीतलं रोप कुणाचं अपत्य नाही. हातोहात, पोत्यापिशव्यांतून इथवर आलेलं ते जुनंच झाड आहे. मंडईतल्या बाईनं तराजूत टाकलं ते तेच, आणि मी दोन चमचे तेलात परतते तेही तेच.

या झाडाला थंडी लागते. गारवा पुरेसा मिळाला नाही तर गड्डा फुटतच नाही, कुड्या न पडता एक गुळगुळीत गोळा तयार होतो. म्हणून पुण्याचा पारा दहाच्या खाली उतरला की लोक कानटोप्या शोधतात आणि मी खुशीत असते. इथून जवळच, नाशिकच्या रस्त्यावर राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. 'भीमा ओंकार', 'भीमा पर्पल' हे लसणाचे वाण तिथलेच. गावालगतच्या नदीचं नाव घेऊन ते शेतात गेले.

कांद्याचं घड्याळ निराळं. त्याला गारवा कळतो, पण गड्डा कधी धरायचा ते तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा, जूनचा तेराच्या थोडा पुढे. आपले वाण तेवढ्यावर भागवतात. युरोपातल्या पुष्कळ वाणांना चौदा तास आणि त्याहून जास्त उजेड हवा असतो. त्यांचं रंगीत पाकीट आणून इथे पेरलं तर पात मुबलक, कांदा शून्य. उलटंही खरं. माझी भाची लंडनजवळ राहते. आपलं बी तिथे वसंतात पेरलं तर रोप लहान असतानाच दिवस लांबतात, आणि सुपारीएवढा कांदा धरून ते मोकळं होतं. ती आता तिथलेच वाण लावते. लसूण आणि कांद्याच्या गाठी थंडीआधी कुंड्यांत घालते, आणि सततच्या पावसानं मुळं कुजू नयेत म्हणून कुंड्या विटांवर उचलून भिंतीच्या आडोशाला ठेवते. शॅलट, म्हणजे आपल्या सांबाराच्या कांद्यांचे भाऊबंद, तिथे जुन्या रीतीप्रमाणे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी लावतात आणि सर्वांत मोठ्या दिवशी काढतात. रीत छान आहे, पण गोठलेल्या मातीत बोट घालून बघावं म्हणजे कळेल, असं भाची म्हणते.

आमच्या बाल्कनीत सांबाराचे कांदेही असतात. एक लावला की त्याच्याभोवती पिल्लांचा घोळका होतो. खटपट कमी, फळ चोख. नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

पण बघायचं असेल तर बियाचा कांदाच. बारीक, काळं, कोनाकोनाचं बी. आठवड्याभरात मातीतून हिरवा दोरा वर येतो, तोही सरळ नाही, गुडघ्यात दुमडलेला. दोन्ही टोकं मातीत आणि वाक तेवढा बाहेर. मग एक टोक सुटतं, रोप ताठ होतं, आणि शेंड्यावर बियाचं काळं टरफल अडकलेलं दिसतं. पुढे एकेक पोकळ पान येतं. बहुतेकांना माहीत नसतं की कांदा म्हणजे या पानांचे फुगलेले बुडखे. वर एक पान, खाली एक थर. जानेवारीत करप्यानं किंवा फुलकिड्यांनी पानं गेली की खालचा कांदा तेवढा बारीक राहतो, हिशोब सरळ.

मार्चच्या आसपास माना पडू लागतात. लासलगावच्या बाजारात तेव्हा उन्हाळी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागायला लागते आणि भावाच्या बातम्या सुरू होतात. आमचा कांदा एका रविवारच्या रश्श्यात संपतो. शेणखताची पिशवी त्याहून महाग पडते. पैसे वाचवायला कुंडीत कांदा लावू नये. पातीसाठी लावावा. हिरव्या लसणाचा ठेचा आणि बाजरीची भाकरी यांच्यापुढे सगळे हिशोब माफ आहेत.

एका कुंडीत टोपलीतला कोंब आलेला कांदा खुपसलेला असतो. त्याचं हे दुसरं वर्ष, म्हणून तो गड्ड्याच्या भानगडीत न पडता डेंगळा काढतो. सासूबाईंना तो कोवळा असतानाच चिरून पिठल्यात हवा असतो, मला त्यावरचा पांढऱ्या फुलांचा चेंडू आणि मधमाश्या हव्या असतात. यंदा तीन आले. दोन पिठल्यात गेले. तिसऱ्याचं बी मी कागदाच्या पुडीत बांधून डब्यात ठेवलं आहे. कांद्याचं बी वर्षभरातच जोर सोडतं, तेव्हा येत्या ऑक्टोबरात ते पेरायलाच हवं.