स्नेहशोधन

संस्कृतांत 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तेल आणि दुसरा जिव्हाळा. पस्तीस वर्षें आम्हीं हा शब्द वर्गांत शिकविला, परंतु समई आणि माउली यांपलीकडे उदाहरण देण्याची वेळ आम्हांवर आली नाहीं. तिसरें उदाहरण उतारवयांत, आमच्याच घरीं आणि तेंही एका मालमोटारीच्या पोटांत सांपडावें, हा योग मोठा चमत्कारिक खरा.

आमच्या दिवंगत धाकट्या बंधूंनीं २०१२ सालीं कर्ज काढून एक दहाचाकी ट्रक घेतला. आतां तो धंदा त्यांचा मुलगा पाहतो. सांगलीहून हळदीचीं पोतीं भरून गाडी नव्या मुंबईस जाते व येतांना मिळेल तो माल आणते. वर्षाकांठीं तिचें सुमारें १ लाख ८ हजार किलोमीटर चालणें होतें. घरांत माणसें अकरा आणि हिशेबाची वही आमच्या हातीं. इंजिन उघडावें लागलें तर दीड लाखाच्या आंत सुटका नाहीं, आणि पुतण्याच्या थोरल्या मुलीचें कॉलेजचें शुल्कही त्याच पेटींतून भरावयाचें असतें. तेव्हां या इंजिनाविषयीं आम्हीं बेफिकीर राहावें, हें शक्यच नव्हतें.

२०२२ च्या दिवाळींत पुतण्या आम्हांस म्हणाला, "अण्णा, दर १८ हजार किलोमीटरला १६ लिटर ऑईल ओतून द्यावें लागतें. एक बायपास फिल्टर बसवला तर तेंच ऑईल दुप्पट चालेल." 'बायपास' म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढें शहराबाहेरून जाणारा वळणरस्ता उभा राहिला, आणि कल्पना फारशी चुकली नव्हती, असें मागाहून कळलें.

गृहिणींस हा प्रकार आमच्यापेक्षां लवकर उमजेल. घरांत पिठाची चाळणी असते, आणि औषधाचें चूर्ण करावयाचें झाल्यास वस्त्रगाळ करतात. इंजिनाचा नेहमीचा फिल्टर ही चाळणी होय. सगळें तेल तिच्यांतून वेगानें जावयाचें असतें, म्हणून तिचीं छिद्रें फार बारीक ठेवतां येत नाहींत; ठोकळमानानें २५ ते ४० मायक्रॉनांहून लहान कण तिच्यांतून निसटतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) बेअरिंग व तिच्यांत फिरणारा दांडा यांच्यामधील तेलाचा पापुद्रा मात्र अवघा कांहीं मायक्रॉन जाड, आणि त्याच्या जाडीचे कण धातूस सर्वांत अधिक खरवडतात. सगळें तेल वस्त्रगाळ करूं गेल्यास इंजिन कोरडें पडेल. म्हणून मुख्य प्रवाहांतून शेंकडा ५ ते १० एवढेंच तेल एका अरुंद छिद्रावाटे बाजूला काढतात, दाबून बसविलेल्या कापसाच्या किंवा कागदाच्या जाड गठ्ठ्यांतून सावकाश झिरपूं देतात आणि पुन्हा चेंबरमध्यें सोडतात. हळूहळू सर्व तेलास ही पाळी येते. युक्ति नवी नाहीं. मोटारींना तेलाचे फिल्टर बसूं लागले ते १९२३ नंतर, आणि प्रारंभीं पुष्कळ गाड्यांवर हाच बाजूचा फिल्टर तेवढा असे. सगळें तेल गाळणारा फिल्टर दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाला.

पुतण्याचा हिशेब असा: ऑईल बदलीस फिल्टरासह ६ हजार रुपये, वर्षांत सहा वेळां, म्हणजे ३६ हजार. मुदत दुप्पट झाल्यास १८ हजार वांचतील. उपकरण बसवून २७ हजारांस पडतें. दीड वर्षांत फिटेल. आम्हीं वही पुढें ओढली आणि विचारलें, "तो कापसाचा गठ्ठा जन्मभर पुरतो काय?" तो दर बदलीस दीड हजारांचा लागतो, हें त्यानें सांगितलें नव्हतें. तरीही आम्हीं संमति दिली, कारण पोराचा उत्साह पाहून त्यास नाहीं म्हणवेना.

खरी गोष्ट येथून पुढें आहे, आणि ती आम्हांस फारशी भूषणावह नाहीं.

गॅरेजांतील म्हाताऱ्या मिस्त्र्यानें एकदां आमच्यादेखत तेलाच्या काडीवरील थेंब कागदावर सोडला. थेंब पसरून भोंवतीं कडें उमटलें, तर काजळी तेलांत मोकळी तरंगत आहे. मध्यें काळा गोळा तसाच राहिला, तर तेल थकलें, अशी ती परीक्षा. शाळेच्या दिवसांतले टीपकागदाचे ताव आमच्या पेटींत होतेच. आम्हीं दर आठवड्यास थेंब टाकून, तारीख व किलोमीटर घालून ते जपूं लागलों. बायपास बसविल्यापासून कडीं इतकीं सुरेख उमटूं लागलीं कीं आमचा ताठा वाढला. मार्च २०२३ मध्यें ३६ हजार किलोमीटर भरले, तेव्हां आम्हीं पुतण्यास म्हणालों, "आणखी १८ हजार चालवूं. तेल निवळीच्या बीनें पाणी निवळावें तसें निवळलें आहे." पुतण्या चांचरला, पण वडील माणसासमोर बोलला नाहीं.

बोलली ती धाकटी सून. ती रसायनशास्त्राची पदवीधर. पोळ्या लाटतां लाटतां ती म्हणाली, "अण्णा, टीपकागदावर काजळी दिसते, आम्लता दिसत नाहीं. नमुना प्रयोगशाळेंत पाठवूंया ना." दीड हजार रुपये आम्हांस जड वाटले आणि तसें आम्हीं बोलूनही दाखविलें. तिनें उत्तर दिलें नाहीं. पैसे आपल्या पर्समधून काढून ठेवले.

अहवाल आला. लोखंडाचा अंश फिल्टर बसविण्यापूर्वींच्या नमुन्याहून कमी, धूळ नाममात्र, दाटपणा योग्य. परंतु आम्ल मारण्याची तेलाची जी शक्ति, तिचा नव्या तेलांतील आंकडा १० होता, तो ४.८ वर आला होता. निम्म्याखालीं गेल्यास तेल बदलावें, असा प्रयोगशाळेचा दंडक. डिझेल जळतांना आम्लें उत्पन्न होतात, आणि तेलांत मिसळलेलीं औषधें तीं मारतां मारतां स्वतः संपतात. २०२० पासून देशभर डिझेलमधील गंधक दहा लक्षांत १० भागांवर आणल्यामुळें हें काम पुष्कळ हलकें झालें, पण संपलें नाहीं. फिल्टर कण धरतो. संपलेलें औषध तो परत आणीत नाहीं, आणि तेलांत उतरलेलें डिझेलही गाळीत नाहीं. गठ्ठा बदलतांना वर जें लिटर-दोन लिटर ताजें तेल घालावें लागतें, त्यानें थोडा हातभार लागतो, एवढेंच. ५४ हजारांपर्यंत आमच्या हट्टानें गाडी चालली असती, तर तीच आम्लें बेअरिंगांस खात बसलीं असतीं, आणि टीपकागद आम्हांस शाबासकी देत राहिला असता!

ऑईल त्याच दिवशीं बदललें. सूनबाईचे दीड हजार आम्हीं परत केले. ते ठेवतांना काय बोलावें हें पस्तीस वर्षें शब्द शिकवूनही आम्हांस सुचलें नाहीं.

त्याच सुमारास चालकानेंही एक उपकार केला. कराडजवळ चहास थांबला असतां त्यानें गाडीखालीं वाकून पाहिलें. फिल्टराची रबरी नळी चासीस घासून ओली झाली होती. ती फुटली असती, तर घटकाभरांत चेंबर रिकामें! नळी बांधून त्यानें फोन केला, "गुरुजी, हें जोडकाम रोज बघायला पाहिजे." तेव्हांपासून तो रोज बघतो.

आतां मुदत ३० हजारांवर ठरविली आहे व वर्षांतून दोनदां नमुना पाठवितों. सर्व धरून वर्षास सहा हजार सुटतात. म्हणजे उपकरणाचे पैसे दीड नव्हे, साडेचार वर्षांनीं फिटतील. अमेरिकेंत ऊर्जा खात्याच्या आयडाहो येथील प्रयोगशाळेनें २००२ पासून कर्मचाऱ्यांच्या डिझेल बसांवर हाच प्रयोग केला. एरव्हीं १२ हजार मैलांस बदलावयाचें तेल त्यांनीं पृथक्करण करीत करीत पुष्कळ पुढें नेलें. परंतु तिकडील मोठ्या इंजिनांत ४० लिटरांच्या घरांत तेल असतें आणि गाड्यांचा ताफा असतो, म्हणून तेथें हिशेब लवकर जुळतो. नव्या ट्रकांचे कारखानदार तर स्वतःच आमच्याहून लांब मुदत देतात. तेथें हें उपकरण बसविण्यापूर्वीं हमीपत्र वाचावें. आमच्यासारख्या एका जुन्या गाडीच्या धन्यानें तेल वांचेल म्हणून हें घेऊं नये; इंजिन कमी झिजेल म्हणून घ्यावयाचें असल्यास घ्यावें.

टीपकागदाचे चार ताव उरले होते. ते नातीला चित्रें काढावयास दिले.