भागीचे घोडे

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण उच्चारताना तिच्यामागे काही मोजमापही असू शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते मोजमाप माक्सिमिलियँ रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने केले. १८८० च्या दशकात त्याने माणसांना दोर ओढावयास लावला आणि १९१३ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. आठ जणांची एकत्रित ओढ एकट्याच्या चौपटीपेक्षाही किंचित कमीच भरली.

उरलेली ओढ गेली कोठे? सर्वांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, म्हणून काही शक्ती वाया जाणारच. परंतु १९७४ मध्ये ॲलन इंगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या माणसाला दोराच्या अग्रभागी उभे केले. मागे इतरही ओढत आहेत अशी त्याची समजूत; वस्तुतः तो एकटाच होता. तरीही त्याचा जोर ओसरला. १९७९ मध्ये बिब लाताने, किपलिंग विल्यम्स व स्टीफन हार्किन्स यांनी टाळ्या आणि आरोळ्यांच्या बाबतीतही हेच दाखवून दिले. (टाळ्यांवरून नाट्यप्रयोगाची प्रत ठरविणाऱ्यांनी याची नोंद घ्यावयास हरकत नाही.) ज्याचा त्याचा वाटा ओळखू येणार असेल, तर ही कुचराई बव्हंशी नाहीशी होते, असेही त्यांना पुढे आढळले. कचेऱ्यांना हा निष्कर्ष मानवणाराच होता.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी याच प्रश्नाला निराळ्या बाजूने भिडते. राजाज्ञेने नगरातील सारे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले जाते, तरी गाभारा भरत नाही. येथे कोणी हातचे राखलेले नाही. उलट मुलांच्या आणि वासरांच्या तोंडचे काढून आणलेले आहे. देखरेखीचीही वाण नाही. गाभारा भरतो तो घरच्यांना, वासरांना तृप्त करून दुपारी आलेल्या एका म्हातारीच्या खुलभर दुधाने, आणि तिचाच वाटा कोणाला ओळखता येत नाही! प्रयोगशाळेच्या हिशेबात ही म्हातारी कोठेच बसत नाही. दुसऱ्या सोमवारी पहारा बसतो, तोही निष्फळ ठरतो. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः येऊन बसतो आणि धावत जाऊन तिचा हात धरतो. म्हातारी घाबरते. अभयवचन मिळाल्यावरच ती कारण सांगते.