रिद्धपूरचा वाडा आणि दुबईचा समुद्र

रिद्धपुरापासून समुद्र किती दूर आहे, हे मोजण्याची वेळ आमच्या घराण्यात कधी आली नव्हती. मोर्शी तालुक्यातील हे गाव. शिवारात संत्र्याच्या बागा, गावात श्रीगोविंदप्रभूंची स्थाने आणि आता मराठी भाषा विद्यापीठ. आमच्या पणजोबांनी येथे कापडाचे दुकान थाटले, वाडा बांधला. पुढची पिढी अमरावतीस गेली आणि तिच्या पुढची दुबईस पोहोचली. माझा पुतण्या नऊ वर्षांपासून तेथे कापडाच्याच एका पेढीत नोकरीला आहे. गेल्या वर्षी किनाऱ्यालगत नुकत्याच बांधून पूर्ण झालेल्या इमारतीतील एका शयनगृहाची सदनिका त्याच्या मनात भरली. किंमत 15 लाख दिरहम. त्याने थोरल्या बंधूंना फोनवर सांगितले, "बाबा, रिद्धपूरचा वाडा विकून टाकू. तिथं आता राहतं कोण?"

बंधू मला म्हणाले, "बँकेत जन्म काढलास, तूच पाहून ये." जानेवारीत मी नागपुराहून शारजाचे विमान धरले.

सदनिका सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. बैठकीच्या काचेतून निळे पाणी दिसते, स्वयंपाकघर लखलखीत, आणि भिंतींना अजून रंगाचा वास. संध्याकाळी पुतण्याने पाम जुमेरा दाखवले. ताडाच्या झाडाच्या आकाराचे हे बेट 2001 नंतर समुद्रात भराव घालून रचले गेले. चोहीकडे वाळवंट असूनही तिथली वाळू या भरावासाठी चालली नाही. वाऱ्याने गोल झालेले तिचे कण एकमेकांस धरून राहत नाहीत. म्हणून समुद्रतळाची वाळू उपसून फवारली. बाहेरचा लाटारोधक बांध अखंड ठेवला तर आतले पाणी साचून राहील, हे ध्यानात आल्यावर त्यात खिंडी सोडाव्या लागल्या. माणसाच्या या उद्यमशीलतेचे मला मनापासून कौतुक वाटले.

परकीयांना निवडक भागांत मालकी हक्काने घर घेण्याची मुभा दुबईने 2002 साली दिली. 2006 च्या कायद्याने तिला नोंदणीचा पाया मिळाला. 2007 च्या कायद्याने ग्राहकांचा पैसा प्रत्येक प्रकल्पाच्या स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवणे बंधनकारक केले, आणि इमारत पूर्ण झाल्यावरही त्यातील 5 टक्के रक्कम वर्षभर अडकवून ठेवली जाते. पुढे 2008-09 च्या मंदीत भाव कोसळले, कित्येक इमारती सांगाड्यावरच थांबल्या. तयार घर घेणाऱ्यास ती धास्ती नसते, म्हणून पुतण्याची निवड मला पटली होती.

मात्र किंमत म्हणजे खर्च नव्हे. निवासी परकीयाला पहिल्या घरासाठी तेथील बँक साधारण 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देते. म्हणजे 3 लाख दिरहम स्वतःचे हवेत. त्यावर दुबई लँड डिपार्टमेंटची 4 टक्के फी, 60 हजार दिरहम. पुढे इमारतीच्या देखभालीचे वार्षिक शुल्क चौरस फुटावर. अनेक नव्या इमारतींत थंड हवा मध्यवर्ती यंत्रणेतून येते आणि तिचा ठरीव आकार घराला कुलूप असले तरी भरावा लागतो. खाऱ्या हवेने खिडक्यांचे लोखंड गंजते, ते वेगळेच. आणि दिरहम डॉलरशी 3.6725 या दराने बांधलेला आहे. 2011 च्या आरंभी बारा रुपयांना मिळणारा दिरहम आज तेविसाच्या पुढे गेला आहे. रुपयात कमावून दिरहमात देणाऱ्याने हा चढ लक्षात ठेवावा.

पुतण्याला वडिलांकडून 60 लाख रुपये हवे होते. खरी अडचण इथे होती, आणि आपल्या व्यापारी कुटुंबांपैकी अनेकांना ती कधीतरी भेटणार आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्यातून परदेशात घर घेता येते वा नातलगाला भेटही देता येते. पण ही सवलत व्यक्तीची आहे. अविभक्त कुटुंब, म्हणजे आपल्या बोलीतली एचयूएफ, तसेच भागीदारी पेढी यांना ती नाही. घर घेण्यासारख्या भांडवली व्यवहारासाठी असे पैसे पाठवायला बँक कर्जही देऊ शकत नाही. शिवाय 10 लाखांवरील रकमेवर 20 टक्के टीसीएस कापला जातो. 60 लाख पाठवायचे तर 10 लाख आणखी हाताशी हवेत. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात, पण तोवर अडकतात. स्वतःच्या नावे तिथे घर घेणाऱ्या निवासी भारतीयाने ते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी दाखवलेच पाहिजे. न दाखवल्यास 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

आता वाडा. तो वडिलोपार्जित आणि एकत्र कुटुंबाचा. 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही त्यात मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि हा कायदा आपल्या जैन कुटुंबांनाही लागू आहे. म्हणजे विक्रीचा पैसा बंधूंचा एकट्याचा नाहीच. त्यात माझा, आमच्या दोघी बहिणींचा आणि पुतण्याच्या भावंडांचाही वाटा निघतो. सर्वांनी आपापला हिस्सा घेतला आणि आपखुशीने पुतण्याला दिला, तरच तो समुद्र ओलांडणार. तिकडचे घर मात्र त्याच्या एकट्याच्या नावे.

महानुभावांच्या स्थानपोथीत एकेका स्थानाच्या दिशा बारकाईने नोंदल्या आहेत. खरेदीखतातील चतुःसीमा तपासत आयुष्य गेलेल्या मला त्या पोथीविषयी व्यवसायबंधुत्वाचा आदर वाटतो. आमच्या वाड्याला पूर्वेस रस्ता आहे, पश्चिमेस शेजाऱ्याची भिंत. पुतण्याच्या सदनिकेला फक्त क्रमांक.

परतल्यावर अमरावतीस बैठक झाली. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, द्यायला माझी ना नाही. पण तो वाडा आईचं माहेरपण होता आणि आमचंही. विकण्याआधी आम्हाला विचारायचं तरी." बंधू बराच वेळ गप्प होते.

शेवटी त्यांनी स्वतःच्या मुदत ठेवीतून 25 लाख पाठवले. 15 लाखांवर 3 लाख टीसीएस गेला. पुतण्याने ती सदनिका सोडली आणि किनाऱ्यापासून दोन रस्ते आत, स्वतःच्या पगाराला झेपेल अशी पाहतो आहे. घर झाल्यावर मृत्युपत्रही तिथे नोंदवायचे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. नाहीतर 2023 पासून लागू झालेल्या बिगरमुस्लिमांच्या कायद्यानुसार निम्मे पत्नीला व निम्मे मुलांना समान जाते, आणि आईवडिलांचा विचार मुले नसतील तरच होतो.

वाड्याच्या ग्रामपंचायतीतील नमुना 8 वर अजून सात नावे आहेत. त्यांपैकी दोघे दिवंगत. वारसनोंदीचा अर्ज मी मागच्या आठवड्यात देऊन आलो.