मेतकूट जमणे

डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी मेतकूट, गोडा मसाला आणि चकलीची भाजणी करून विकते. बारा वर्षं गिऱ्हाईक सोसायटीतलं आणि ओळखीतलंच होतं. जूनमध्ये भाचीनं वेबसाइट करून दिली. रस्त्यावर दुकान उघडलं की येणारा-जाणारा डोकावतोच, तसंच इथेही होईल असं मी धरून चालले. आठ दिवसांत चार जण येऊन गेल्याचं दिसलं. चारही वेळा घरच्यांनीच उघडून पाहिलं होतं.

मग गूगलवर जाहिरात द्यायचं ठरवलं. आपण काही शब्द निवडायचे, त्यांना कीवर्ड म्हणतात. कोणी ते शोधले की वर आपली जाहिरात दिसते, तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. नुसती दिसली तर पैसे नाहीत, कोणी क्लिक केलं की पैसे. मी ‘मेतकूट’ हा शब्द दिला आणि रोजचे 200 रुपये ठरवले. पैसे भरताना त्यावर 18 टक्के जीएसटी लागला, तोही मी हिशेबात धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी बघते तर 340 रुपये गेलेले! रात्रभर झोप नाही. सकाळी नियम वाचला तेव्हा कळलं की 200 ही सरासरी असते. एखाद्या दिवशी दुप्पटीपर्यंत खर्च होऊ शकतो, फक्त महिन्याचा आकडा रोजच्या रकमेच्या 30.4 पटीपुढे जात नाही. हे आधी वाचायला हवं होतं.

पंधरा दिवसांत 3,000 रुपये संपले. क्लिक सव्वातीनशेच्या आसपास, ऑर्डरी दोन. माझं 200 ग्रॅमचं पाकीट 120 रुपयांना जातं, म्हणजे पंचवीस पाकिटांची पूर्ण किंमत गेली. त्यातला नफा किती थोडा असतो ते डाळी आणणाऱ्यालाच ठाऊक. जाहिरात बंद केली आणि दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर चिटपाखरू नाही.

भाची रविवारी आली. “मावशी, लोकांनी नेमकं काय शोधलं ते बघितलंस का?” असं काही बघता येतं हेच मला माहीत नव्हतं. तिनं यादी उघडली. ‘मेतकूट रेसिपी’. ‘बाळाला मेतकूट कधी द्यावे’. आणि खाली एकामागून एक, ‘मेतकूट जमणे अर्थ’, ‘मेतकूट जमणे वाक्यात उपयोग’. मराठीचा गृहपाठ करणारी मुलं माझ्या जाहिरातीवर येत होती आणि प्रत्येक मुलामागे माझे आठ-नऊ रुपये जात होते. त्यांची काय चूक? मी शब्द ‘ब्रॉड मॅच’वर ठेवला होता, म्हणजे ऐसपैस जुळणी: त्या शब्दाच्या आसपासचं काहीही चालेल. त्यावर उपाय ‘निगेटिव्ह कीवर्ड’. मी त्यांना वर्ज्य शब्द म्हणते. रेसिपी, कृती, अर्थ, वाक्यात उपयोग हे शब्द असतील तिथे जाहिरात दाखवू नका, असं सांगता येतं. तेही देवनागरीत एकदा आणि रोमन अक्षरांत एकदा द्यावे लागतात, कारण लोक दोन्ही तऱ्हांनी लिहितात.

पण ती यादी माझ्या डोक्यातून जाईना. इतक्या लोकांना मेतकुटाबद्दल काहीतरी जाणून घ्यायचंय आणि माझ्या वेबसाइटवर आहे काय? एक रंगीत दरपत्रक. तेही चित्राच्या रूपात, म्हणजे गूगलला वाचायला शब्दच नाहीत. पानाचं शीर्षक ‘होम’. जाहिरातीला पैसे दिले म्हणून खालच्या बिनपैशाच्या यादीत वर जाता येत नाही, तिथे पानावर जे लिहिलंय त्याचा विचार होतो. त्या वाटेनं येणाऱ्यांना ‘ऑरगॅनिक ट्रॅफिक’ म्हणतात. आपसूक येणारी वर्दळ, असं मी माझ्यापुरतं भाषांतर केलंय. मी बारा वर्षं मेतकूट करतेय आणि त्याबद्दल एक ओळ लिहिली नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

लिहायला बसले तर प्रश्न पडला, कृती सांगून टाकली तर विकत कोण घेईल? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “सांग की. कृतीनं हात थोडाच येतो?” मग सगळं लिहिलं. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, उडीद डाळ आणि गहू वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. मेथ्या सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, रंग जेमतेम बदलेपर्यंत. वास सुटल्यावर क्षणभर जरी कढईत राहिल्या तरी अख्खा घाणा कडू. गरम मऊ भात, त्यावर तूप, मग मेतकूट, हा क्रमही लिहिला. आणि त्या मुलांसाठी एक परिच्छेद: इतकी निरनिराळी धान्यं एकजीव होतात, म्हणून दोघांचं छान जुळलं की त्यांचं मेतकूट जमलं म्हणायचं.

गूगलचं ‘सर्च कन्सोल’ नावाचं फुकट साधन आहे, त्यात आपलं पान कुठल्या शब्दावर, कितव्या जागी, किती वेळा दिसलं ते कळतं. जुलैअखेर माझी सरासरी जागा होती 46. तिथवर कोण खाली जाणार? मी रोज बघायचे आणि रोज खट्टू व्हायचे. गणपतीच्या सुमारास 19, दसऱ्याला 9.

दिवाळीच्या भाजणीला मात्र इतकं थांबता येत नव्हतं. तिची मागणी जेमतेम तीन आठवड्यांची, पान वर येईतो फराळ संपलेला असतो. तिथे मी पुन्हा पैसे मोजले, पण फक्त डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यापुरते, वर्ज्य शब्दांची यादी लावून आणि ‘चकली भाजणी विकत’ अशाच शोधांसाठी. 1,500 रुपयांत एकोणीस ऑर्डरी आल्या. दिवाळी झाली तशी ती जाहिरात बंद केली.

नोव्हेंबरच्या शेवटी नागपूरहून एका ताईंचा निरोप आला. मेतकुटाचं पान वाचून त्यांनी घरी करून पाहिलं होतं. “मेथ्या करपल्या,” त्यांनी लिहिलं होतं, “दोन पाकिटं पाठवा.” मी तीन भरली, आणि तिसऱ्यात न दळलेल्या, नीट भाजलेल्या चमचाभर मेथ्या घातल्या, रंग कळावा म्हणून.