लाठी

आमचे पवनार म्हणजे विनोबांचे गाव. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रह इथूनच सुरू झाला. अशा गावातली मुलगी लाठी शिकते, हे आजोबांना रुचेना. म्हणत, "पोरी, या गावात हत्यार कायले पायजे?"

एकदा धामच्या घाटावर त्यांच्यासमोर मी लाठी फिरवली. लाठीला ना पाते, ना सोबत ढाल. एका टोकाने वार अडवायचा, त्याच ओघात दुसऱ्या टोकाने वार करायचा. दोहोंत अंतर क्षणाचेच. त्या क्षणी हात आवरणे, हेच खरे शिक्षण.

आजोबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आवरता येत असन तं शीक."

मला वाटते, ज्याला काठी उगारताच येत नाही, त्याने ती न उगारणे ही अहिंसा कसली?